टोपलीसकट

अर्जाच्या तिसऱ्या पानावर विचारलंय :
अल्पसंख्याक? होय असल्यास दाखला जोडा.
राजिवड्याच्या या गल्लीत
माझ्या दारापासून जेटीपर्यंत बहात्तर उंबरे,
आणि सगळे मला चालीवरून ओळखतात.
इथं मी अल्प कुठली?
तरी तहसीलच्या रांगेत तीन सोमवार उभी राहिले,
शिक्का घेऊन आले. शाई जरा फाकलेली.

पुढचा रकाना. प्रकल्पाचं स्वरूप : पायलट.
बावांनी चष्मा नाकावर सरकवून वाचलं.
चाळीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस.
म्हणाले, म्हणजे मोठ्या जहाजाच्या पुढं
बारकी होडी जाते, ती.
खाडीच्या तोंडाशी वाळू दर साली जागा बदलते,
दोरीला शिसं बांधून कुणीतरी आधी बघावं लागतं
पाणी किती आहे.
मी मान हलवली.
एकशे वीस बायका, अठरा महिने, साडेचार लाख.
एवढीच माझी दोरी.

पुण्यात मुलाखतीच्या खोलीत पंखा जोरात होता,
कागद उडू नयेत म्हणून मी कोपर टेकलेलं.
एकांनी विचारलं, मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर
लठ्ठपणा आला कुठून?
सर, सुरमई बर्फात बसून
पहाटेच्या टेम्पोनं निघून जाते.
परत येतं ते पामतेल, पाच-पाच लिटरचे कॅन.
मस्कतहून पैसे येतात, पैशातून फ्रीज, फ्रीजमध्ये ब्रॉयलर,
आणि दुकानाच्या फळीला तोरणासारखे
दहा रुपयांचे चकचकीत पुडे.
रक्त फिकट, कंबर रुंद,
एकाच बाईत दोन्ही नांदतात.

दुसरे म्हणाले, पण तुम्ही तिथल्याच.
अंतर कसं राखणार?

अंतर राखून आलेले काटे
आमच्या शाळेच्या व्हरांड्यात गंजले, सर,
त्यांवर कुणी चढलं नाही.
हे मला कुंभार्लीच्या तिसऱ्या वळणावर सुचलं,
एसटीत, पिशवी मांडीवर घेतलेली असताना.
तिथं मी एवढंच म्हटलं :
पद्धतीचं पान सात बघावं.

पैसे आले. साडेचारचे तीन झालेले,
वरती अभिनंदनाचं पत्र.
मदतनीस मुलगी गेली, रिक्षाभाडं गेलं,
रक्त तपासायच्या पट्ट्या निम्म्या.
एकशे वीसच्या सत्तर केल्या
आणि कुणाला गाळायचं म्हणून
यादी घेऊन रात्रभर बसले.
फातमाबी? तिला तर गोळ्या चालू आहेत.
सकीना? ती सांगेल तरी खरं काय खाल्लं ते.
शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, शास्त्रही तेच सांगतं.

रोजे संपून पंधरवडा जाऊ दिला,
कारण उपाशी दिवसाचं वजन
आणि शीरखुर्म्याच्या सकाळचं वजन,
दोन्ही खोटं बोलतात.

पहिली आली जैतूनखाला. लिलावावरून थेट,
पाय ओले, डोक्यावर टोपली, टोपलीतून पाणी.
म्हटलं, खाला, ते खाली ठेवा,
चपला काढा, बांगड्याही.
ती तशीच काट्यावर चढली.
"मना टोपलीसकट जोख.
रोज येवढा उचलतंय.
तां माझा वजन नाय, तं कोणाचा?"

आकडा थरथरला, एकशे दोनवर थांबला.
मग टोपली उतरवली : अठ्ठ्याहत्तर.
खाला हसली, जणू सौदा जिंकली.
बोट टोचायला मात्र तोंड फिरवून बसली.

माझ्या तक्त्यात उंची होती, कंबर होती,
काल काय खाल्लं याचे एकतीस प्रश्न होते.
डोक्यावरच्या चोवीस किलोंना रकाना नव्हता.
आठ वर्षं शिकून मी तो आखलाच नव्हता.
पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलं.
कागदाला बांगड्याचा वास लागला.

रात्री बावांनी जेवताना विचारलं,
किती पाणी लागलं?
म्हटलं, अजून दोरी सोडतेय.